मोबाईलवर मासा दिसतोय, मग गळ टाकण्यात मजा काय? भंडारदऱ्याच्या काठावरून एक हिशोब

मे महिन्यातला भंडारदरा डोळ्यांसमोर आणा. पाणी पार खाली गेलंय, काठावर चिखल वाळून त्याला भेगा पडल्यात आणि उन्हाचा चटका असा की दगडावर बसवत नाही. अशा काठावर दोन जण मासे धरायला बसलेत. एक गावातला. त्याच्याकडे बांबूची काठी, तंगूस आणि गरीला लावलेलं गांडूळ. दुसरा नाशिकहून सुट्टीला आलेला. त्याच्याकडे रॉड, रीळ आणि टेनिसच्या चेंडूएवढं एक यंत्र. तो ते यंत्र दोऱ्याला बांधून पाण्यात फेकतो, खिशातून मोबाईल काढतो आणि दोन मिनिटांत म्हणतो, "इथं अकरा मीटर पाणी आहे, आणि आठ मीटरवर मासे आहेत."

गावातल्या माणसाला हीच गोष्ट कळायला कितीतरी उन्हाळे जावे लागले असतील. मग प्रश्न येतोच: याला मासेमारीचा छंद म्हणायचं की मोबाईलवरचा गेम?

हा वाद सध्या जगभर चालू आहे. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांनी यावर नियम केलेत, दक्षिण आफ्रिकेत सरकारला बोलावं लागलंय, आणि आपल्या कोकणात याचाच एक चुलतभाऊ, म्हणजे एलईडी मासेमारीचा वाद, गेली काही वर्षं धुमसतोय. अकोले तालुक्यात भंडारदरा आणि निळवंडे अशी दोन मोठी धरणं आहेत, प्रवरा आणि मुळा या दोन नद्या आहेत, आणि दर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग असते. म्हणून हा विषय आपल्या काठावरून बघूया.

आधी समजून घेऊ: हे यंत्र करतं काय?

पाण्याखाली बघायचं असेल तर प्रकाश फार कामाचा नाही. धरणाच्या गढूळ पाण्यात काही फुटांपलीकडे काही दिसत नाही. मोबाईलचं नेटवर्क, वाय-फाय, जीपीएस या सगळ्या रेडिओ लहरी, आणि त्याही पाण्यात शिरल्या की लगेच विरून जातात. पण आवाज? आवाज पाण्यात मस्त धावतो. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात साधारण १५०० मीटर.

सोनार हीच गोष्ट वापरतं. यंत्र पाण्यात एक बारीक 'टिक' सोडतं. त्याची कंपनसंख्या इतकी जास्त असते की आपल्याला ती ऐकू येत नाही. तो आवाज तळाला किंवा माशाला आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढलं जातं. मासा आठ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सोळा मीटर, म्हणजे सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. दरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो ना, अगदी तसंच. सांदण दरीत ओरडून बघितलं असेल तर तुम्ही सोनार वापरलाय असं समजा!

गंमत म्हणजे यंत्राला माशाचं मांस फारसं 'दिसत' नाही, कारण मांसात पाणीच जास्त. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे त्यांना पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगता येतं. आवाज सर्वात जोरात परततो तो या हवेवरून. म्हणजे माशाला जी गोष्ट पाण्यात सावरते, तीच त्याचा पत्ता देते.

चेंडूसारखं यंत्र पाण्यावर तरंगत राहतं आणि स्वतःचं वाय-फाय तयार करतं. तुमचा मोबाईल त्याला जोडला जातो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. म्हणजे रतनवाडीसारख्या, जिथं नेटवर्क येतं-जातं अशा ठिकाणीही ते चालतं.

हे तंत्र नवीन नाही. जपानमध्ये नागासाकीला फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासे शोधणारं पहिलं व्यावहारिक यंत्र बनवलं, ते पोटापाण्यासाठी मासेमारी करणाऱ्या बोटींसाठी. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लॉरन्स कुटुंबाने हौशी लोकांसाठी छोटा सोनार बाजारात आणला. म्हणजे छंदात हे यंत्र येऊन साठ वर्षं उलटून गेलीत. मग भांडण आत्ताच का पेटलं?

फोटोचा व्हिडिओ झाला आणि खेळ बदलला

जुना सोनार फक्त खाली बघायचा आणि तोही होऊन गेलेली गोष्ट दाखवायचा. बोटीखालून मासा गेला की स्क्रीनवर कमान उमटायची. तोवर मासा पुढे गेलेला. शिवाय त्याचं क्षेत्र छोटं. आवाजाचा कोन १५ अंशांचा असेल तर १० मीटर खोलीवर फक्त अडीच मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. एवढ्या मोठ्या धरणात ते म्हणजे अंधाऱ्या शेतात एक टॉर्च.

२०१८ मध्ये गार्मिनने लाईव्हस्कोप आणलं आणि मग इतर कंपन्याही आल्या. हे यंत्र खाली नाही, पुढे बघतं. आणि चित्र सेकंदाला अनेकदा बदलतं, म्हणजे जवळजवळ व्हिडिओच. पुढच्या बुडालेल्या झाडाशेजारी मासा उभा आहे, तुमचं आमिष त्याच्या डोक्यावरून खाली येतंय, तो वळला, मागे लागला, थांबला, परत फिरला... हे सगळं स्क्रीनवर. अशा पूर्ण संचाची किंमत लाखाच्या घरात जाते, त्यामुळे आपल्याकडे तो अजून क्वचितच दिसतो. पण मोबाईलच्या जगात महागाची गोष्ट स्वस्त व्हायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेत बास माशाच्या स्पर्धांमध्ये मोठी बक्षिसं असतात. तिथं लोक तक्रार करू लागले की खेळाडू पाण्याकडे बघतच नाहीत, दिवसभर स्क्रीनकडे बघतात. शेवटी आयोजकांना हात घालावा लागला. मेजर लीग फिशिंगने २०२५ च्या बास प्रो टूरमध्ये दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात हे यंत्र वापरायची मुभा दिली. बास या दुसऱ्या मोठ्या संस्थेने २०२५ पासून तिच्या वरच्या स्पर्धेत बोटीवर एकच लाईव्ह सोनार आणि सगळ्या स्क्रीन मिळून ५५ इंच अशी मर्यादा घातली. विचार करा, मर्यादा घालूनही ५५ इंच! आपल्या घरातल्या टीव्हीपेक्षा मोठी.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत २०२२ मध्ये सरकारने स्पष्ट केलं की ड्रोनने आमिष समुद्रात लांब नेऊन सोडणं तिथल्या कायद्यात बसत नाही. म्हणजे 'हे जरा जास्तच होतंय' असं वाटणारे फक्त जुन्या पिढीचे लोक नाहीत.

पण खरंच सोपं होतं का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर जाहिरातीत दाखवतात तितकं नाही.

पहिली गोष्ट, स्क्रीनवरचा 'मासा' हा मासाच असेल असं नाही. स्वस्त यंत्रं परत आलेल्या आवाजाचा अंदाज घेऊन माशाचं चित्र चिकटवतात. बुडबुडे, तरंगती फांदी, बुडालेलं खोड यांचंही कधीकधी मासा म्हणून चित्र येतं. धरणाच्या पोटात झाडांची खोडं, जुने बांध आणि दगडांचे ढीग असतात. नवशिक्याचा निम्मा दिवस दगडांना गांडूळ दाखवण्यात जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट, मासा दिसणं वेगळं आणि त्याने गरी गिळणं वेगळं. पोट भरलेला कटला समोर गोळा लोंबकळत ठेवला तरी ढुंकून बघत नाही. कुठल्या वेळी, कुठल्या आमिषाला, किती खोलीवर, हे यंत्र सांगत नाही. ते गावातल्या माणसाला माहीत असतं.

तिसरी गोष्ट फायद्याची. खोली कळली की जीव वाचू शकतो. धरणाचा काठ सरळ उतरत नाही. दोन पावलांवर गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला माणूस बुडेल एवढं, असं असतं. आधी खोली बघून मग पाय टाकणारा पर्यटक मला केव्हाही चालेल.

मग अडचण कुठं आहे? अडचण अशी की 'सोपं झालं का' हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: सोपं कुणासाठी झालं, आणि त्याची किंमत कोण देतंय?

सोपी मासेमारी आपल्याला नवीन नाही

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. ओढ्याला पाणी आलं की अंडी घालायला मासे उलटे चढतात आणि लोक टोपली, पंचा, काठी, जे हाताला लागेल ते घेऊन धावतात. त्यात एकही बॅटरी नसते, पण त्याहून सोपी मासेमारी दुसरी नाही. आणि त्यात अंड्यांवर आलेली मादी जाते, हेही खरं. म्हणजे यंत्र वाईट आणि परंपरा चांगली, इतकं हे सरळ नाही.

कायद्यालाही हा प्रश्न जुना आहे. भारतीय मत्स्य कायदा १८९७ चा. त्यात पाण्यात स्फोटकं टाकून किंवा विष घालून मासे मारायला मनाई आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारने तो मनाईचा नियम का केला? कारण त्या पद्धतीत माशाला निसटायची एकही वाट उरत नाही, आणि लहान-मोठा सगळा मासा जातो. ही कसोटी आजही उपयोगी आहे. यंत्र किती आधुनिक आहे ते सोडा. ते वापरल्यावर माशाला निसटायला जागा उरते का, एवढं विचारा.

कोकणात हेच आधी घडलंय

ही कसोटी कोकणच्या समुद्रात लावून बघा. तिथं काही बोटी रात्री जनरेटर चालवून प्रखर एलईडी दिवे लावतात. उजेडाकडे बारीक मासे येतात, त्यांच्यामागे मोठे येतात. खाली किती थवा जमलाय ते फिश फाइंडरच्या स्क्रीनवर दिसतं. मग पर्ससीनचं भलंमोठं जाळं गोल फिरवून खालून आवळलं की थवाच्या थवा आत. दुसऱ्या दिवशी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात काय येणार?

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून दंड लाखांत नेला. तरी प्रकार थांबले नाहीत, म्हणून जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू केली. म्हणजे यंत्राने पळणाऱ्याला धरायला यंत्रच आणावं लागलं.

त्याच समुद्रात दुसरं चित्रही आहे. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य मोजते आणि मासे कुठं मिळण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना मोबाईलवर मोफत कळवते. छोट्या बोटीचा मासे शोधत फिरण्याचा वेळ आणि डिझेल वाचतं. हीही इलेक्ट्रॉनिक्सच. फरक एवढाच की ती माहिती सगळ्यांना सारखी मिळते आणि समुद्र मोठा आहे.

धरण मात्र समुद्र नाही.

भंडारदऱ्याचा हिशोब वेगळा का?

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. साठवण साधारण ११ टीएमसी. पावसाळ्यात ते भरतं आणि मग आवर्तनं सुटतात. प्रवरेच्या पाण्यावर खालच्या तालुक्यांची शेती उभी आहे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाणी आटत आटत खोल भागात गोळा होतं. आणि पाण्याबरोबर मासेही.

इथं सोनारचा खरा मुद्दा येतो. ऑगस्टमध्ये भरलेल्या धरणात यंत्र घेऊन बसलात तर मासा शोधणं तरीही कठीण, कारण पाणी अफाट आहे. पण मे महिन्यात उरलेले डोह म्हणजे माशांचं शेवटचं घर. आजवर त्या घराचं कुलूप म्हणजे गढूळ पाणी आणि खोली. कुठल्या डोहात किती मासा आहे हे वरून दिसायचं नाही. यंत्र तेच कुलूप उघडतं. आणि पुढच्या पावसाळ्यात जे अंडी घालणार, तेच हे उरलेले मोठे मासे.

'पण मी धरून सोडून देतो' असं बरेच हौशी लोक म्हणतात. चांगली सवय आहे, नक्कीच ठेवा. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. भर उन्हात दहा मिनिटं झुंजवलेला, मग सेल्फीसाठी दोन मिनिटं पाण्याबाहेर धरलेला मासा सोडल्यावर पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. महसीरसारखा मासा तर आणखी जपायला हवा. सह्याद्रीच्या नद्यांतून तो कमी झाला म्हणून लोणावळ्याजवळ वळवण इथं टाटा पॉवरच्या केंद्रात अनेक दशकं त्याची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडली जातायत. एकीकडे पिल्लं सोडायची आणि दुसरीकडे मोठे मासे स्क्रीनवर शोधून काढायचे, हे गणित जुळत नाही.

आणि माणसांचं काय? महाराष्ट्रात जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग साधारणपणे स्थानिक सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज पाण्यात सोडलं जातं, त्यासाठी पैसे मोजले जातात आणि त्यावर घरं चालतात. पर्यटकाला जो मासा 'धरणातला, म्हणजे कुणाचाच नाही' असा वाटतो, तो बऱ्याचदा कुणीतरी बोटाएवढा असताना विकत आणून सोडलेला असतो. शिवाय भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथं वनखात्याचे नियम वेगळे.

सगळ्यात धोकादायक यंत्र तर तुमच्या खिशात आहे

आता जरा कडू वाटेल असं बोलतो. सोनारपेक्षा जास्त नुकसान करणारी एक गोष्ट आपण सगळेच वापरतो, ती म्हणजे लोकेशन. एका माणसाने एका डोहातून दहा मासे काढले तर डोह सावरतो. त्याने तो डोह पिन करून रील टाकली आणि पुढच्या रविवारी चाळीस गाड्या आल्या तर नाही सावरत.

अकोलेकरांना हे समजवावं लागत नाही. काजव्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे लखलखतात, ते बघायला गर्दी होते, आणि त्या गर्दीतले लोक गाडीचे दिवे आणि मोबाईलचा टॉर्च पाडून काजव्यांचाच उजेड मारून टाकतात. बघायला गेलेल्यानेच बघायची गोष्ट घालवली. सोनारवाले ॲप तर एक पाऊल पुढे जातात: तळाचा नकाशा आपोआप तयार करून साठवतात. तो नकाशा स्वतःपुरता ठेवला तर वही, सगळ्यांना पाठवला तर आमंत्रण.

मग वापरायचं की नाही?

माझं मत स्पष्ट सांगतो. बंदीची गरज नाही, मर्यादेची आहे. क्रिकेटमध्ये बॅट किती रुंद असावी याचा नियम आहे म्हणून बॅटिंग कुणी सोडली नाही. छंदाला स्वतःची बॅट मोजता आली पाहिजे. सुरुवात या पाच गोष्टींपासून करता येईल:

- आधी परवानगी. गळ टाकण्याआधी त्या पाण्याचा ठेका कोणाकडे आहे ते गावात विचारा, संस्थेकडून परवानगी घ्या. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वनखात्याला विचारल्याशिवाय काही करू नका.
- सोनार खोलीसाठी, शिकारीसाठी नाही. तळ कसा आहे, पाणी किती आहे ते बघा. मग यंत्र बंद करा आणि गळ टाका. नेमबाजी स्क्रीनवर नको, अंदाजावर होऊ दे.
- पाणी आटलं की यंत्र घरी. एप्रिल-मेमध्ये उरलेल्या डोहांवर सोनार नको. पहिल्या पावसात चढणीच्या माशांनाही जाऊ द्या.
- सोडायचा तर नीट सोडा. बिनकाट्याची गरी, ओले हात, मासा पाण्यातच ठेवून गरी काढणं. फोटो नाही मिळाला तरी चालेल.
- पिन टाकू नका. रीलवर भंडारदरा लिहा, डोहाचं लोकेशन नाही.

यातलं पहिलं सोडलं तर बाकी कशासाठी सरकारी आदेश लागत नाही. पण मत्स्यव्यवसाय विभाग आणि स्थानिक संस्था मिळून हौशी मासेमारीसाठी साधी पावती आणि चार नियम करू शकतात. पावतीचे पैसे बीज सोडायला वापरले तर नाशिकच्या पाहुण्याचा छंद आणि काठावरच्या घराची चूल एकाच बाजूला येतील. आज ती दोन्ही समोरासमोर आहेत.

परत त्या मे महिन्यातल्या काठावर येऊ. बांबूची काठी घेऊन बसलेल्या माणसालाही तो डोह माहीत आहे. आठ मीटरवर मासे आहेत हेही त्याला कदाचित ठाऊक आहे. पण मे महिन्यात तो तिथं फार वेळ बसत नाही, कारण त्याला पुढच्या वर्षीही तिथंच यायचंय. आपल्या ॲपमध्ये खोली दिसते, तापमान दिसतं, मासा दिसतो. पुढचं वर्ष मात्र दिसत नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल.

तुम्ही कधी सोनार वापरून मासे धरलेत का? आणि तुमच्या गावच्या तळ्यात-धरणात असा काही अलिखित नियम आहे का, की अमुक महिन्यात गळ टाकायचा नाही? असेल तर आम्हाला नक्की कळवा. फक्त एक विनंती, डोहाचं लोकेशन पाठवू नका!